तुझ्या जागेतून वारा येतो

पाळकांची होडी आज येणार नाही.
धुकं इतकं खाली उतरलंय
की समोरच्या उतारावरच्या मेंढ्यांचं नुसतं खोकणं ऐकू येतं.
फेरोच्या या टोकाला सहा गावं, एक पाळक, मधे समुद्र.
आमच्या वाट्याला तो महिन्यातून एकदा येतो,
तोही लाटांना विचारून.

म्हणून हानुस वाचतो.
चष्म्याची काडी मासेमारीच्या दोऱ्याने बांधलेली,
प्रवचनांचं पुस्तक दमट.
एकदा पानं चिकटली होती,
तर तो पुनरुत्थानाच्या पहाटेवरून
थेट कापणीच्या उपकारस्तुतीत जाऊन पडला.
कुणी काही बोललं नाही.
मारयुनने तेवढं जरा मोठ्याने आमेन म्हटलं.

सात माणसं आहोत आम्ही, मला धरून.
मला धरून, हे आज मी सहज म्हणते.

एक हिवाळा असा गेला की सहाच होती.
हाइनी गेला आणि मी दार लावून घेतलं.
देवावर रुसले नव्हते.
रुसायला तो लांब असावा लागतो.
तो तर माझ्या स्वयंपाकघरातच होता,
हाइनीच्या स्टुलावर नव्हे, ते मी रिकामं ठेवलं होतं,
किटलीच्या आसपास कुठेतरी.
बटाटे सोलता सोलता मी त्याच्याशी बोलायचे,
कधी खेकसायचे,
सालं बादलीत पडत राहायची.
वाटायचं, एवढं पुरे.
घरात भेटतोय,
तर वाऱ्यात ती चढण कशाला चढायची?

मग एका शनिवारी दारात हानुस.
एका एडक्यावरून आमचं नऊ वर्षं वाकडं.
अंगावरून पाणी निथळतंय, टोपी हातात.
आता हा सांत्वनाचं काही बोलणार
आणि मी दार लावणार, असं ठरवून उभी होते.
तो म्हणाला,
"तुझ्या जागेतून वारा येतो."

मी नुसती बघत राहिले.
"भिंतीत फट आहे. तू बसायचीस तेव्हा झाकली जायची.
आता मारयुनची मान धरते."

मी हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.
हसता हसता जे आलं डोळ्यांत, ते त्याने पाहिलं नाही,
किंवा पाहिलं आणि स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

रविवारी गेले. फटीला पाठ लावून बसले.

आमच्याकडे ऑर्गन नाही.
स्तोत्र ओढत ओढत चालतं,
एकेका शब्दावर माणूस म्हातारा होतो.
तिसऱ्या ओळीत माझा श्वास तुटला
आणि ओळ तुटली नाही.
सुन्वाने धरली होती, तिच्या पलीकडे
बारा वर्षांच्या रोईने, बेसूर, पण घट्ट.
दम घेऊन मी परत शिरले
तर सुरात माझी जागा तशीच होती,
कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी, उबदार.

घरी एकटी गायचे तेव्हा
श्वास संपला की स्तोत्र संपायचं.

तो जवळ आहे, हे मला ठाऊकच होतं.
पण एके काळी त्याला खांदे होते,
किनाऱ्यावर मासे भाजणारे हात होते.
आता तो ते उसने मागतो
आणि मागताना फार निवड करत नाही.
मला दिला त्याने हानुसचा खांदा,
ओल्या लोकरीच्या वासाचा, बाकावर शेजारी,
त्या माणसाचा, जो अजून म्हणतो
एडका त्याचाच होता.

(माझा होता.)

उपासना संपली. धुकं जागचं हललेलं नाही.
मारयुन थर्मासमधून कॉफी ओततेय.
वसंतात ती फट बुजवू, हानुस म्हणतो,
दर वर्षी म्हणतो.
आम्ही कुणीच त्याला सिमेंट आणून देत नाही.